माझ्या पोटात पाणी होतं

सकाळी उठल्यावर जिच्या पापण्या सुजलेल्या असतात, संध्याकाळी पायातली जोडवी रुततात आणि लघवीला साबणासारखा फेस येतो, त्या बाईसाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तर वाचावं, नाही वाचलं तरी माझं काही अडत नाही. पण तिनं वाचावं. आणि तिच्या सासूनं तर वाचावंच.

मी शालन. माहेर पाटणकडचं, सासर विट्याजवळच्या एका गावातलं. शाळा सातवीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील, पण यात खोटं एक अक्षर नाही. भेटेल तो मला सांगतो, झालं गेलं, विसर आता. का म्हणून विसरू? दुखणं माझं, पोट माझं, अब्रू माझी, आणि विसरायचं काय ते ठरवणार हे!

आजारात मला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, जगायचं होतं. दुसरी, माझ्याबद्दल चारचौघींत बोललेला एक शब्द परत हवा होता. पहिली गोष्ट सांगलीच्या दवाखान्यात मिळाली. दुसरीला वर्ष लागलं.

चोळी

आमच्याकडचे निम्मे बापे गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. माझे मालक मद्रासला एका दुकानात होते. वर्षातून एकदा, दिवाळीला यायचे, पंधरा-वीस दिवस राहायचे, की पुन्हा गाडी धरायचे. घरी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

आत्याबाई सुईण. पाच-सात गावांत त्यांच्याशिवाय बाळंतपण होत नसे. पोटावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, कितवा महिना, डोकं कुठं, पाय कुठं. तालुक्याच्या डॉक्टरनं दुसरं काही सांगितलं तर लोक डॉक्टरला हसायचे. तो हात हीच त्यांची दौलत होती, आणि खोटं का बोलू, हात होताही तसा.

त्या दिवाळीला मालक येऊन गेले आणि पुढं माझी पाळी चुकली. दुसऱ्या महिन्यातही चुकली. चेहरा भरला, गाल वर आले. गावातल्या बायका म्हणायच्या, "शालनला आमचं पाणी मानवलं बरं का!" आत्याबाईंनी एकदा मला आडवं केलं, हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाय." एवढंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्या बायकांसमोर मला हिरव्या खणाची चोळी दिली, मनगटभर हिरवा चुडा भरला. पहिलटकरणीची पहिली चोळी खरं तर गुपचूप द्यायची असते, म्हणून तर तिला चोरचोळी म्हणतात. पण सुईणीच्या घरात कसलं आलंय गुपचूप!

मला उलटी नव्हती, मळमळ नव्हती, काही खावंसंही वाटत नव्हतं. मी म्हटलं, "आत्याबाई, मला तसं काय वाटंना."

"तुला काय कळतंय? पयली येळ हाय तुजी."

आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मलाही ते हवंच होतं. दुपारी एकटी असले की मी पोटावर हात ठेवून बोलायची. तुझा बाप मद्रासला आहे, दिवाळीला येईल, तुला झबलं आणील, असलं काहीबाही. पाण्याशी बोलत होते मी, बायांनो. आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

गिरणी

माघात पोट झपाट्यानं वाढलं. चोळी दंडाला करकचून बसली. पायात वहाण जाईना. जिना नव्हे, नुसता उंबरा चढला तरी धाप लागायची. महाशिवरात्रीपर्यंत पोट चांगलं सहा महिन्यांचं दिसायला लागलं, आणि मालक येऊन गेल्याला झाले होते जेमतेम चार महिने.

गावातल्या बायकांना लिहिता येत नसेल, पण महिने मोजता येतात.

आमच्या गावात गिरणी शुक्रवारी चालायची, कारण त्या दिवशी वीज असायची. सगळ्या बायका डबे घेऊन नंबर लावून बसलेल्या. मीही आत्याबाईंबरोबर होते. आमची शेजारीण हौसा, माझ्याच वयाची, स्वभावानं गमती. तिनं हसत हसत विचारलं, "मावशी, जुळं हाय का काय सुनंला?"

आत्याबाईंना 'व्हय, जुळं आसंल' म्हणता आलं असतं. 'हिला बरं न्हाई, दाक्तरला दावते' म्हणता आलं असतं. 'माजा अंदाज हुकला' म्हणता आलं असतं. यातलं एकही सुचलं नाही. बाई ताठ झाल्या आणि म्हणाल्या,

"येकच हाय. आन सा म्हैन्याचं हाय. माजा हात खोटं बोलत न्हाई. पोरगा कवा आलता त्ये तुमास्नी ठावं हाय. आता काय समजायचं त्ये समजा."

गिरणीचा पट्टा फडफडत होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. हौसानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

एकतर हात चुकला किंवा सून चुकली. दोन्हीतलं एक निवडायचं होतं. त्यांनी हात राखला.

घरी आल्यावर म्हणाल्या, "ती चोळी काड." मी काढली. चुडा सुजेमुळं मनगटावरून उतरेना, तर खलातला बत्ता घेतला आणि उंबऱ्यावर माझा हात ठेवून फोडला. नवरा जिवंत असताना! एक काच मनगटात शिरली. त्यातून रक्त कमी आणि पाणीच जास्त आलं. ते बघूनही त्या बाईच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मालकांना मद्रासला पत्र धाडलं. स्वतःला लिहिता येत नाही म्हणून पोस्टमनकडून लिहून घेतलं. म्हणजे जे गिरणीवर नव्हते त्यांचीही सोय झाली. आणि दुसऱ्या दिवशी मला एस.टी.त बसवून दिलं, माहेरी.

आईचा अंगठा

माझ्या आईनं मला दारात बघितलं आणि एक शब्द विचारला नाही. पाणी दिलं, बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तर तिथं खळगा. भिजल्या कणकेत बोट दाबावं तसा. तो भरून यायला किती तरी वेळ लागला.

आई म्हणाली, "पोटात पोर आसतंय गं. पर नडगीत बी पोर हाय व्हय?"

मला हसूही आलं आणि रडूही. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईला जे एका अंगठ्यानं कळलं, ते नावाजलेल्या सुईणीला चार महिने कळलं नव्हतं. कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आईनं मला कऱ्हाडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं बाटलीत लघवी आणायला सांगितली, काचेच्या नळीत ओतली आणि नळी दिव्यावर धरली. आमच्या डोळ्यांदेखत वरचं पाणी पांढरं फटक झालं. गरम पाण्यात अंड्यातला पांढरा बलक सोडावा तसं घट्ट. डॉक्टरनं नळी आईपुढं धरली.

"आजी, हे बघा. हिच्या लघवीतून अल्ब्युमिन चाललंय. मूल-बिल काही नाही. आजच्या आज सांगलीला घेऊन जा."

अल्ब्युमिन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आई वाटेत दोन-तीनदा विचारत राहिली, "काय गं त्ये, काय चाललंय म्हनला?" मी म्हटलं, "काय का असंना, माझ्या अंगातनं चाललंय."

सांगली

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, आवाज फौजदारासारखा. त्यांनी सगळं तपासलं आणि समजेल असं सांगितलं. रक्तात हे अल्ब्युमिन असतं. ते पाण्याला रक्तात धरून ठेवतं. माझ्या मूत्रपिंडाची चाळणी बिघडली होती, तिच्यातून ते गळत होतं, आणि धरणारंच कुणी उरलं नाही म्हणून पाणी पोटात, पायात, तोंडावर जिथं मिळेल तिथं शिरलं होतं. पाळीही त्यानंच गेली होती.

"बरी होईल का?" आईनं विचारलं.

"तरुण आहे. गोळ्यांना दाद दिली तर होईल. पण फार उशिरा आणलीत."

मालक तिसऱ्या दिवशी आले. आईच्या तारेनं निघाले होते, पण आत्याबाईंचं पत्र त्याआधी पोचलं होतं. माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. कशी आहेस, नाही. काय होतंय, नाही. डॉक्टरीणबाई फेरीवर होत्या, त्यांना विचारलं, "बाई, किती म्हैन्याची हाय?"

"कोण?"

"ही."

"ही कितीचीच नाही," बाई म्हणाल्या. "हिच्या पोटात पाणी आहे. अजून आठ दिवस गावगप्पा मारत बसला असता तर ही पण नसती. तुम्ही कोण?"

"मालक हाय तिचा."

"मग मालकासारखं वागा."

ते मटकन खाली बसले आणि रडायला लागले. वॉर्डातल्या बायका हळहळल्या, बिचारा म्हणाल्या. बिचारा! मला दया आली नाही. आजही येत नाही.

दवाखान्याचे दिवस सगळे सारखेच. सकाळी वजन. मग लघवी काचेच्या भांड्यात मोजायची आणि खाटेला अडकवलेल्या कागदावर लिहायची. मग नळी उकळायची. पवार सिस्टर नळी दिव्यावर धरायच्या आणि मी श्वास रोखून बघायची. पांढरं. दुसऱ्या दिवशी पांढरं. तिसऱ्या दिवशी पांढरं. जेवण बिनमिठाचं. बिनमिठाची आमटी खाऊन बघा एकदा, म्हणजे दुसऱ्याला पथ्य सांगताना जीभ जरा हळू चालेल.

डॉक्टरीणबाईंनी अंडी खायला सांगितली होती. आई धर्मशाळेत स्टोव्हवर उकडून आणायची. मला ते तोंडात घालवेना. नळीतलं आणि ताटलीतलं मला एकच दिसायचं. आई म्हणायची, "जे जातंया त्येच खावं लागतंय, शालन. गप डोळं मीट आन गिळ." डोळे मिटून गिळलं.

गोळ्यांचा राग

गोळ्या सुरू झाल्या आणि माझी झोप उडाली. काळीज धडधडायचं, हात कापायचे, डोक्यात एकसारखं गिरणीचं चाक फिरायचं. एका सकाळी मालक म्हणाले, "आयेचं मनावर घिऊ नगंस, जुनं मानूस हाय." मी दुधाचा पेला त्यांच्या छाताडावर फेकून मारला. आणि जे जे इतके दिवस पोटात होतं ते सगळं वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलले. पत्र वाचून विश्वास ठेवलात. एकदा तरी मला लिहून विचारलंत? गाळून गाळून दुसऱ्याचं सोनं पारखता, घरातलं पारखता आलं नाही?

मालक सिस्टरना म्हणाले, "गोळ्यांमुळं बोलतीय."

किती सोयीचं! बायकोला राग आला तर गोळ्यांमुळं.

डॉक्टरीणबाई आल्या. पाणी उतरवायचं इंजेक्शनही चार दिवस चालू होतं आणि सूज तसूभर हलली नव्हती. त्यांनी मालकांना समोर बसवलं.

"सांगलीच्या स्टँडवर उतरलात ना? समजा तिथं हजार माणसं उभी आहेत आणि एस.टी.च नाही. तर काय होईल?"

"गोंधळ हुईल."

"अल्ब्युमिन म्हणजे एस.टी. पुष्कळशी औषधं रक्तात त्यावर बसून जातात. हिच्या रक्तात गाड्याच उरल्या नाहीत. लघवीचं इंजेक्शन देतोय, ते मूत्रपिंडापर्यंत पोचतच नाही. आणि गोळ्यांचं उलट. गाडीत बसलेलं औषध गप असतं. ज्याला जागा मिळत नाही ते मोकळं हिंडतं आणि दंगा करतं. म्हणून दुसऱ्या बाईला सोसते तेवढी गोळी हिला जास्त होतेय. मी ती कमी करते."

"म्हंजी ह्यो राग गोळ्यांचाच की," मालक म्हणाले. सुटल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"झोप गोळीनं जाते, चिडचिड गोळीनं वाढते," बाई म्हणाल्या. "पण गोळी गोष्टी रचत नाही. ती बोलली ते खरं आहे की नाही, ते तुम्ही बघा."

त्या बाईंचे पाय धरावेत असं मला तेव्हा वाटलं. वाकता येत नव्हतं म्हणून राहिलं.

मग बाई म्हणाल्या, बाहेरून अल्ब्युमिन द्यावं लागेल, म्हणजे इंजेक्शन जागेवर पोचेल. बाटली सांगलीत नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मालक त्याच दिवशी मुंबईला गेले. थर्मासमध्ये दोन बाटल्या घेऊन चौथ्या दिवशी परत आले. बरोबर, गावाकडून घेतलेल्या, आत्याबाई होत्या.

बाटली

आत्याबाई माझ्या खाटेशेजारी खाली बसल्या. माझ्याकडं बघितलं नाही. पवार सिस्टरनी बाटली टांगली. आतलं पाणी ताकाच्या निवळीसारखं पिवळसर.

"काय हाय त्ये?" आत्याबाईंनी विचारलं.

"हिच्या अंगातलं जे वाहून गेलंय ना आजी, ते बाहेरून देतोय."

"बाहिरनं म्हंजी कुटनं?"

"माणसाच्याच रक्तातनं. ही बाटली तर वारेपासनं केलेली आहे. मोठ्या शहरातल्या दवाखान्यांतनं बाळंतिणींची वार गोळा करतात, कारखान्यात नेतात, त्यातलं रक्त काढून गाळून गाळून शुद्ध करतात."

"गलाईच की ही," मालक म्हणाले.

आत्याबाई ताडकन उठल्या. आयुष्यभर त्यांनी बाळंतिणीची वार स्वतःच्या हातानं परसात पुरली होती. खोल खड्डा, हळद-कुंकू, मीठ, वर धोंडा. कुत्र्यानं उकरली तर लेकराला बाधतं. आणि परक्या बाईच्या वारेशी संबंध आला तर दोघींची कूस जाते, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

"दुसरीची वार? हिच्या अंगात?" त्यांनी नळी धरली. "काडा ती सुई. हिला कंदी मूल हुनार न्हाई."

मी तोवर सासूपुढं मान वर करून बोलले नव्हते.

"हात काढा," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय—"

"तो हात काढा, आत्याबाई! त्याच हातानं नसलेलं पोर सांगितलंत. त्याच हातानं माझा चुडा फोडलात. आता जीव काढताय?"

आत्याबाईंचा हात नळीवर तसाच. मी विचारलं, "किती पुरल्या तुम्ही आजवर?"

"मोजल्या न्हाईत."

"सगळ्या मातीनं खाल्ल्या. ही एक मला खाऊ द्या."

मालकांनी आत्याबाईंचा हात धरून नळीवरून बाजूला केला. "आये, बस खाली," म्हणाले. सगळ्या दुखण्यात त्या माणसानं केलेलं हे एकच काम मी चांगलं म्हणून सांगेन. हे आणि थर्मास.

बाटली हळूहळू उतरली. मग तेच लघवीचं इंजेक्शन, जे इतके दिवस फुकट जात होतं. तासाभरात पहिलं भांडं भरलं. मग दुसरं. आई नेमकी धर्मशाळेत गेली होती, सिस्टर एकट्या आणि वॉर्ड भरलेला. भांडी आत्याबाईंनी उचलली. दिवे लागायच्या वेळेपर्यंत सात भांडी झाली. प्रत्येक भांडं नेताना त्या आत बघायच्या. इतके महिने जे पोर म्हणून सांगितलं, ते भांड्याभांड्यानं बाहेर येत होतं आणि त्याच ते मोरीत ओतत होत्या. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आभारही मानले नाहीत.

दुसऱ्या बाटलीनंतर माझ्या पायाची घोट्याची हाडं दिसली. मी आईला हाका मारून दाखवली, सोन्याचे तोडे दाखवावेत तशी.

गोळी कमी केल्यावर झोप लागायला लागली. तीन आठवड्यांनी नळीतलं पांढरं विरळ झालं, आणि एका सकाळी पवार सिस्टरनी नळी दिव्यावर धरली तर पाण्याचं पाणीच राहिलं. त्यांनी ती माझ्या हातात दिली. शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी मागून घेऊन बघितली. नऊ नंबरच्या म्हाताऱ्या आजींनी तर त्या नळीला नमस्कार केला. लघवीला! त्या दिवशी मी पोटभर हसले.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी, दुपारी, आई बाहेर गेल्यावर आत्याबाई माझ्या कानाशी वाकल्या. पुटपुटल्या, "माजं चुकलं, पोरी."

वर्षानुवर्षं कुणाला चुकलं न म्हटलेली बाई. कुणीही विरघळली असती. मी नाही.

"इथं नको," मी म्हटलं. "जिथं बोललात तिथं बोला."

त्यांनी तोंड फिरवलं.

नळी

पवार सिस्टरनी मला एक काचेची नळी, लाकडी चिमटा, स्पिरिटचा छोटा दिवा आणि बाटलीत आंबट पाणी, म्हणजे पातळ केलेलं ॲसिड, दिलं होतं. रोज सकाळी उकळायची, त्या पाण्याचे दोन थेंब टाकायचे, तरी पांढरं राहिलं तर लगेच दवाखान्यात यायचं. दोनदा तसं झालंही, दोनदा पुन्हा गोळ्या घ्याव्या लागल्या. हे दुखणं एकदाच येऊन जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, नळी जपून ठेवा.

सासरी परत आले. काय करता, नवऱ्याचं घर. गोळ्यांनी तोंड गोल गरगरीत झालं होतं. झालं, बायका पुन्हा सुरू, "बाळसं धरलं गं!" एकीनं तर दबक्या आवाजात विचारलं, "त्या पोराचं काय केलं मग?" मी तिच्या अंगावर धावून गेले. तेव्हापासून गिरणीवर जाणं बंद केलं. पीठ आत्याबाई आणायच्या.

सकाळी मी चुलीशेजारी नळी उकळायला बसले की आत्याबाई आधी लांबून बघायच्या. मग जरा जवळून. पावसाळ्यात एक दिवस चिमटा त्यांनीच हातात घेतला. दोघी बघत राहिलो. पाण्याचं पाणी होतं.

असं करता करता पौष आला. संक्रांतीच्या आधीचा शुक्रवार. सकाळी आत्याबाई म्हणाल्या, "नळी आन दिवा घे. चल गिरनीवर."

"कशाला?"

"चल म्हन्ते न्हवं."

हौसाला तेव्हा आठवा सरला होता. दोन दिवसांपूर्वी तिच्या सासूनं आत्याबाईंना हात लावायला बोलावलं होतं आणि आत्याबाई हात न लावताच परत आल्या होत्या. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी लघवी घेऊन गिरणीवर ये. हे मला तिथं गेल्यावर कळलं.

गिरणीवर बायकांची हीऽ रांग. हौसा पोत्यावर बसलेली, पाय सुजलेले, डोकं धरून. पदराखाली बाटली. आत्याबाईंनी गिरणीवाल्याला पट्टा बंद करायला लावला आणि बाहेर काढलं. दिवा पेटवला. नळीत लघवी ओतली आणि चिमट्यानं धरली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हातारी चळली, असं मागून कुणी तरी म्हणालं.

नळी वरून पांढरी झाली. आत्याबाईंनी आंबट पाण्याचे दोन थेंब टाकले. पांढरं तसंच राहिलं. हसणं थांबलं.

"आजच्या आज हिला इट्याला न्या," त्या हौसाच्या सासूला म्हणाल्या. "माज्यानं व्हनारं हे बाळंतपन न्हवं. आन आता समद्याजनी ऐका. गेल्या साली हितंच, ह्याच जागी, म्या माज्या सुनंला नाव ठेवलं. तिच्या पोटात पोर नव्हतं. पानी हुतं. ही नळी तवा धरली आसती तर अशीच पांढरी झाली आसती. पोरगी निर्मळ हुती. माजा हात चुकला."

हात चुकला, हे त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा आवाज फाटला, पण म्हणाल्या.

मग हौसाच उठली, डोकं धरूनच माझ्याजवळ आली आणि माझ्या मनगटाला हात लावला, जिथं काचेचा व्रण आहे तिथं. त्याच दुपारी तिला विट्याला नेलं, तिथून पुढं सांगलीला. मुलगी झाली. दोघी जगल्या. आता गावात कुणाला दिवस गेले की आधी नळी, मग आत्याबाईंचा हात.

गिरणीवरून परत येताना आत्याबाई पुढं, मी मागं. डोक्यावर पिठाचा डबा त्यांच्याच होता. ओढ्यापाशी आल्यावर त्यांनी मागं न बघता विचारलं, "आता तरी गेला का राग?"

गोळ्या बंद होऊन मला तेव्हा दोन महिने झाले होते.

"न्हाई," मी म्हटलं.

आत्याबाईंनी डोक्यावरचा डबा नीट केला. म्हणाल्या, "बरं. घरी गेल्यावर नळी धुऊन ठेव. उद्याच्याला लागंल."